सेंद्रिय शिक्क्याची वनौषधी घेताना : कागद कसे वाचायचे, माल कसा पारखायचा

औषधी वनस्पती विकत घेणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "ऑरगॅनिक आहे ना?" समोरून "हो" आलं आणि पाकिटावर हिरवा शिक्का दिसला की चौकशी तिथेच संपते. ती खरं तर तिथून सुरू व्हायला हवी. सेंद्रिय प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच, की हे पीक ठरलेल्या नियमांनी वाढवलं, हाताळलं आणि ते नियम पाळले जातात का हे एका त्रयस्थ संस्थेने वर्षातून निदान एकदा जाऊन पाहिलं. पाकिटात नेमकी तीच वनस्पती आहे का, ती योग्य वेळी काढली का, त्या जमिनीत मुळातच शिसं होतं का, गोदामात ओल लागली का, यातलं काही तो शिक्का सांगत नाही. तसा त्याचा दावाही नाही. तो अर्थ आपणच त्याला चिकटवतो.

म्हणून वनौषधी घेताना चार गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: वनस्पती कोणती, वाढवली कशी, त्यात नको ते काय आहे, आणि जंगलातून आणली असेल तर जंगलाचं काय झालं. प्रत्येकीचा पुरावा वेगळा. एकीचा कागद दुसरीसाठी चालत नाही. पुढच्या पायऱ्या मी प्रामुख्याने चूर्ण, तेलं, काढे छोट्या प्रमाणावर बनवणाऱ्यांसाठी आणि स्वतःसाठी औषधं तयार करून घेणाऱ्या वैद्यांसाठी लिहितोय. घरापुरतं पावशेर-अर्धा किलो घेणाऱ्याने पहिली, दुसरी आणि सहावी पायरी नीट केली तरी पुष्कळ झालं.

पायरी १ : आधी नाव पक्कं करा

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या एका उपचारात स्टेफानिया टेट्रान्ड्रा ही चिनी वनस्पती वापरायची होती. तिच्या जागी अरिस्टोलोकिया फांगची आली, कारण चिनी बाजारात दोन्हींच्या नावात "फांग ची" आहे. तिच्यातल्या अरिस्टोलोकिक आम्लामुळे शंभराच्या आसपास रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडं खराब झाली. त्यांतल्या अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९७ साली अमेरिकेत प्लँटेन (प्लँटॅगो) या औषधी वनस्पतीच्या पानांच्या मालात डिजिटॅलिस लॅनाटा मिसळलेलं सापडलं, म्हणजे थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी वनस्पती. हे दोन्ही माल उद्या उत्तम सेंद्रिय शेतातून आले असते तरी निकाल तोच लागला असता.

आपल्या ओळखीच्या वनस्पतींतही हा घोळ आहेच. अशोकाची साल म्हणून सराका असोकाऐवजी आसुपालवाची, म्हणजे रस्त्याकडेच्या उंच सरळ "खोट्या अशोका"ची साल सर्रास खपते. ब्राह्मी मागितली तर कुणी बाकोपा मोनिएरी देतो, कुणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. शंखपुष्पी या एका नावाखाली तर तीन-चार निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. गुळवेलीचं प्रकरण जास्त नाजूक. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण, दिसायला जवळची. यकृताच्या तक्रारींच्या बातम्या आल्या तेव्हा भारताच्या आयुष मंत्रालयाने या दोघींत गल्लत करू नका असा खुलासा केला होता. क्रिस्पाचं खोड करड्या छटेचं, कोवळ्या खोडावरही बारीक गाठी, आणि कापलं की दुधासारखा चीक. कॉर्डिफोलियाचं कोवळं खोड हिरवट असतं, त्यावर या गाठी नाहीत आणि चीकही नाही.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराकडून पुढचा मजकूर लेखी घ्या: वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव (नुसतं वंशाचं नाव नव्हे, प्रजातीसकट), कोणता भाग (मूळ, साल, पान की पंचांग, म्हणजे मुळासकट सगळी वनस्पती), अखंड की तुकडे की चूर्ण की अर्क, कोणत्या महिन्यात काढलं आणि कोणत्या भागातलं आहे. "आमच्याकडे अश्वगंधा फर्स्ट क्वालिटी" हे उत्तर झालं नाही. शास्त्रीय नाव विचारल्यावर जो वैतागतो त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नये, असं माझं मत आहे.

आणि शक्य तिथे चूर्ण घेऊच नका. अखंड मूळ, अखंड साल, ओळखू येतील अशी पानं घ्या आणि दळण स्वतः करून घ्या. दळलेल्या मालात काय काय जातं याचा उत्तम नमुना अश्वगंधा आहे. औषधात वापर मुळाचा. पण पानं स्वस्त, भरपूर, आणि त्यांतही विथॅनोलाइड (अश्वगंधेची गुणकारी मानली जाणारी द्रव्यं) असतात. त्यामुळे पानं मिसळलेलं चूर्ण "एकूण विथॅनोलाइड इतके टक्के" या चाचणीत मजेत पास होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ते लपत नाही, कारण मुळाला पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) नसतात. चूर्णात पर्णरंध्रं दिसली की पान आहे, प्रश्न मिटला.

पायरी २ : प्रमाणपत्र वाचा, नुसतं बघू नका

व्हॉट्सॲपवर आलेला प्रमाणपत्राचा फोटो लोक उघडतात, वरचा लोगो बघतात आणि "ओके" म्हणून बंद करतात. त्याऐवजी पाच मिनिटं द्या आणि एकेक ओळ वाचा.

पहिली ओळ, नाव आणि पत्ता. तुम्हाला बिल ज्याच्या नावाने मिळणार आहे त्याचंच हे प्रमाणपत्र आहे का? सगळ्यात जास्त गोंधळ इथेच निघतो. शेतकरी गटाचं प्रमाणपत्र व्यापारी पुढे करतो आणि मधल्या मध्ये गोणी उघडून, चाळून, स्वतःच्या पाकिटात भरतो. गोणी उघडून माल पुन्हा भरणाऱ्या प्रत्येक टप्प्याला स्वतःचं प्रमाणपत्र लागतं. (बंद पाकीट जसंच्या तसं विकणाऱ्या किरकोळ दुकानांना बहुतेक नियमांत सूट असते.) साखळीतली एक कडी प्रमाणपत्राशिवाय असेल तर तिच्यापुढचा माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, मग शेत कितीही शुद्ध असो.

दुसरी, कोणत्या नियमांखाली. "ऑरगॅनिक सर्टिफाइड" एवढंच लिहिलेलं निरर्थक आहे. नियमाचं नाव हवं: भारताचा एनपीओपी (२००१पासून), अमेरिकेचा एनओपी (२००२पासून पूर्ण लागू), युरोपीय संघाचा २०१८/८४८ (१ जानेवारी २०२२पासून लागू) किंवा तुमच्या देशात मान्य असलेला दुसरा. एका नियमाखालचं प्रमाणपत्र दुसरीकडे आपोआप चालत नाही आणि देशादेशांतले करार बदलतात. अमेरिकेने भारताच्या यंत्रणेशी असलेला मान्यता करार २०२१ साली संपवला; त्यानंतर तिकडे माल पाठवणाऱ्यांना थेट अमेरिकी नियमांचं प्रमाणपत्र घ्यावं लागलं. निर्यातीचा विचार असेल तर हे आधी बघा.

तिसरी ओळ व्याप्तीची: पीक, जंगल-संकलन, प्रक्रिया, व्यापार. तुळशीची शेती प्रमाणित असलेल्या माणसाने जंगलातला हिरडा त्याच कागदावर विकणं हा सरळ गैरवापर आहे. म्हणून सोबतची उत्पादनांची यादी मागा. ती बहुधा वेगळ्या पानावर असते आणि नेमकं तेच पान पाठवायचं राहून जातं. तुमची वनस्पती त्या यादीत नावाने हवी.

चौथी, स्थिती. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळताना मधला काळ लागतो. युरोपीय आणि भारतीय नियमांत हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं, बहुवर्षायू पिकांना पहिल्या काढणीआधी तीन वर्षं. अमेरिकी नियमांत सरसकट ३६ महिने. या काळातला माल "रूपांतरणाधीन" असतो, "सेंद्रिय" नसतो. तो घेण्यात वाईट काही नाही, उलट त्या शेतकऱ्याला तेव्हाच गिऱ्हाइकाची गरज असते. फक्त त्याला सेंद्रिय म्हणू नये आणि पुढे तसं विकूही नये.

पाचवी, मुदत. ती संपली असेल आणि "रिन्यूअल चालू आहे" असं उत्तर आलं तर प्रमाणन संस्थेचं तसं पत्र मागा.

आता यातली कोणतीही गोष्ट फोटोवर विश्वास ठेवून मान्य करू नका. पीडीएफमधलं नाव आणि तारीख बदलायला फार हुशारी लागत नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन स्वतः शोधा. अमेरिकी नियमांखालच्या सगळ्यांची नावं ऑरगॅनिक इंटेग्रिटी डेटाबेसमध्ये कुणालाही बघता येतात, निलंबित आणि रद्द झालेल्यांचीसुद्धा. युरोपीय प्रमाणपत्रं ट्रेसेस या प्रणालीत असतात. भारतात एनपीओपीखालच्या मालाची नोंद अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ट्रेसनेट प्रणालीत होते. तिथे सापडलं नाही तर प्रमाणन संस्थेलाच ईमेल करा. तिचा पत्ता तिच्या संकेतस्थळावरून घ्या, पुरवठादाराने पाठवलेल्या कागदावरून नको.

तयार पाकीट घेणाऱ्यांसाठी दोन खुणा. युरोपीय संघाच्या हिरव्या पानाच्या लोगोशेजारी नियंत्रण संस्थेचा कोड आणि शेतमाल युरोपातला की बाहेरचा हे लिहिलेलं असलंच पाहिजे. नुसतं पान छापलेलं असेल तर शंका घ्या. अमेरिकी लेबलवर "ऑरगॅनिक" म्हणजे किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय, तर "मेड विथ ऑरगॅनिक" म्हणजे किमान ७० टक्के, आणि या दुसऱ्या प्रकारावर अमेरिकी कृषी खात्याचा गोल शिक्का लावायला परवानगी नाही. "नॅचरल", "शुद्ध", "केमिकल फ्री", "वनातून थेट" या शब्दांमागे कुठलीही तपासणी नसते.

पायरी ३ : हिशोब जुळवा

ही पायरी बहुतेक खरेदीदार करत नाहीत, आणि फसवणूक पकडायला हिच्याइतकी कामाची दुसरी पायरी नाही. सेंद्रिय मालातली मोठी लबाडी क्वचितच पूर्ण खोट्या कागदावर चालते. कागद खरा असतो, शेत खरं असतं, थोडा मालही खरा असतो. बाकीचा साध्या बाजारातून आणून त्याच कागदाखाली विकला जातो.

समजा, पुरवठादाराच्या प्रमाणपत्रात ४ हेक्टर अश्वगंधा आहे. अश्वगंधेचं वाळलेलं मूळ हेक्टरी साधारण ३ ते ५ क्विंटल निघतं. हंगाम उत्तम धरला तरी सगळं मिळून २० क्विंटल. हा गृहस्थ तुम्हाला एकट्याला ३० क्विंटल सेंद्रिय मूळ द्यायला तयार असेल, तर उरलेलं कुठून आलं? प्रश्न सभ्यपणे विचारा. दुसऱ्या प्रमाणित शेतातून घेतलं असेल तर त्याचीही कागदपत्रं असतील आणि ती दाखवायला प्रामाणिक माणसाला अडचण नसते.

हाच हिशोब एकेका व्यवहाराचा ठेवण्यासाठी व्यवहार प्रमाणपत्र असतं. व्यापारात त्याला "टीसी" म्हणतात. वार्षिक प्रमाणपत्र सांगतं की हा माणूस सेंद्रिय माल विकू शकतो. टीसी सांगतं की हा अमुक लॉट, इतके किलो, याने त्याला विकला. टीसी निघालं की विकणाऱ्याच्या खात्यातून तेवढं वजन वजा होतं. मोठी खरेदी असेल तर टीसीशिवाय पैसे सोडू नका. अमेरिकेनेही १९ मार्च २०२४पासून आयात होणाऱ्या प्रत्येक सेंद्रिय मालाला इलेक्ट्रॉनिक आयात प्रमाणपत्र सक्तीचं केलं.

शेतकरी गटाचा माल असेल तर आणखी एक चौकशी. लहान शेतकऱ्यांना एकेकट्याने प्रमाणन परवडत नाही, म्हणून गट करतात. गटाची स्वतःची अंतर्गत तपासणी यंत्रणा सगळ्या सदस्यांना तपासते आणि बाहेरची संस्था त्यांतल्या काहींकडे जाऊन पडताळते. युरोपच्या नव्या नियमांत गटाला २००० सदस्यांची मर्यादा आहे आणि दरवर्षी किमान ५ टक्के सदस्यांची फेरतपासणी होते. याचा अर्थ उरलेल्यांची मदार गटाच्या आपल्या माणसांवर असते. मग विचारायचं ते हे: अंतर्गत तपासणीस किती आहेत, एकाकडे किती शेतं, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाला गटातून काढलं का? "आमच्याकडे आजवर एकही चूक निघाली नाही" हे उत्तर ऐकून खूश होऊ नका. शेकडो शेतकऱ्यांच्या गटात कुणी कधी चुकलंच नाही याचा अर्थ बहुधा कुणी नीट बघितलं नाही.

पायरी ४ : जंगलातला माल असेल तर

वनौषधींचा हा भाग साध्या शेतमालापेक्षा वेगळा आहे. कित्येक वनस्पतींची शेती होतच नाही किंवा फार थोडी होते. माल जंगलातून, माळावरून, डोंगरावरून येतो. त्यालाही सेंद्रिय प्रमाणपत्र मिळू शकतं. अट अशी की त्या जागेवर निदान तीन वर्षं निषिद्ध रसायनं पडलेली नसावीत आणि तोडणीने तिथल्या निसर्गाला धोका पोचू नये. पहिली अट कागदावर सिद्ध करणं सोपं. दुसरी प्रत्यक्षात कशी पाळली जाते हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

पान, फूल, फळ असेल तर झाड राहतं. मूळ किंवा कंद असेल तर बहुधा झाडच जातं. साल मधोमध, एका बाजूने, पट्टीने काढली तर भरून येते, सगळीकडून गोल सोलली तर झाड वाळतं. तेव्हा पुरवठादाराला विचारा: वनखात्याची किंवा जमीनमालकाची परवानगी कुणाच्या नावाने आहे, किती किलोची आहे, गोळा करणारे कोण, आणि त्याच जागी पुन्हा किती वर्षांनी जातात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येतं तो बहुधा खरोखर तिथे जात असतो.

काही वनस्पतींच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय कायदा आडवा येतो. जटामांसी, कुटकी आणि सर्पगंधा साइट्स या धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे देशाबाहेर पाठवायला परवाना लागतो. कुठ पहिल्या परिशिष्टात आहे. जंगलातून उपटलेल्या कुठाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंदच आहे, चालतो तो लागवडीचा, तोही कागदपत्रांनिशी. देशातल्या देशात विकायला या यादीने बंदी येत नाही, पण तिथले वनकायदे असतातच. सेंद्रिय शिक्का आहे म्हणून हे परवाने माफ होत नाहीत.

जंगलातल्या मालासाठी मला सेंद्रियपेक्षा फेअरवाइल्ड हे मानक जास्त उपयोगाचं वाटतं. त्यात वनस्पती किती आहे याची मोजणी, किती काढली तर ती टिकेल याचा अंदाज आणि गोळा करणाऱ्यांना मिळणारा मोबदला, तिन्ही बघितलं जातं. हा शिक्का असलेल्या वनस्पती अजून थोड्या आहेत. नसेल तर निदान लागवडीचा पर्याय आहे का ते विचारून घ्या; कुटकीसारख्या मुळाच्या बाबतीत मी तरी लागवडीचाच माल घ्या म्हणेन, थोडा महाग पडला तरी.

पायरी ५ : प्रयोगशाळेचा अहवाल

अहवालाला व्यापारात "सीओए" म्हणतात. तो हातात आला की आकड्यांवर जाण्याआधी तीन गोष्टी बघा. लॉट क्रमांक तुमच्या गोणीवरचाच आहे का? गेल्या वर्षीच्या चांगल्या लॉटचा अहवाल यंदाच्या मालासोबत फिरवणं ही जुनी खोड आहे. नमुना कुणी काढला, प्रयोगशाळेने की पुरवठादाराने स्वतः निवडून पाठवला? आणि प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता आहे का, तीही या चाचणीसाठी? मान्यता चाचणीनिहाय असते. पाण्याच्या तपासणीसाठी मान्य असलेली प्रयोगशाळा कीटकनाशकांसाठी मान्य असेलच असं नाही.

मग आकडे. निकालाच्या रकान्यात "पास" किंवा "अनुरूप" लिहिलेलं असेल तर आकडा मागा. "आढळलं नाही" लिहिलं असेल तर किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत मोजता येत होतं ते मागा. जाड मोजपट्टीला बारीक गोष्ट दिसतच नाही. जड धातूंसाठी भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथात) शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) या मर्यादा आहेत. युरोपीय फार्माकोपियात शिसं ५, कॅडमियम १, पारा ०.१. म्हणजे एकच माल एकीकडे पास आणि दुसरीकडे नापास होऊ शकतो. अहवालात मर्यादा कुणाची धरली आहे ते म्हणूनच बघायचं.

सेंद्रिय मालात धातू नसतात हा समज सोडून द्या. मूळ जमिनीतलं जे आहे ते उचलतं. शिवाय काही धातू माणूस घालतो: हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट चोळल्याची प्रकरणं बांगलादेशात तपासाअंती सिद्ध झाली आहेत. सेंद्रिय नियमांत याला अर्थातच जागा नाही, पण तपासणीस शेतावर येतो तेव्हा हळद अजून जमिनीत असते.

कीटकनाशकांच्या बाबतीत उलटा गैरसमज असतो. सेंद्रिय म्हणजे शून्य अंश असं कुठलाच नियम म्हणत नाही, कारण वारा आणि पाणी शेजारच्या शेतातून येतं. अमेरिकी नियमांत ठरलेल्या मर्यादेच्या ५ टक्क्यांहून जास्त अंश आढळला तर माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. त्याखाली असेल तर विकता येतो. मात्र इथिलीन ऑक्साइडची धुरी आणि किरणोत्सर्गाने निर्जंतुकीकरण, दोन्ही सेंद्रिय मालाला वर्ज्य आहेत. त्यामुळे सेंद्रिय चूर्णात जंतूंची संख्या आश्चर्यकारक कमी दिसली तर खूश होण्याआधी निर्जंतुक कशाने केलं ते विचारा. वाफ असेल तर उत्तम. उत्तरच नसेल तर इथिलीन ऑक्साइडची चाचणी लावून घ्या.

आणि एक गोष्ट जी सेंद्रिय शेतीतच जास्त सतावते: तण. तणनाशक वापरायचं नाही म्हटल्यावर काढणीच्या वेळी पिकात तण येतं, आणि सेनेशियो किंवा हेलिओट्रोपसारख्या तणांत यकृताला घातक पायरोलिझिडिन अल्कलॉइड असतात. युरोपने वाळलेल्या पाल्यासाठी आणि हर्बल चहासाठी यांच्या कमाल मर्यादा ठरवल्या आणि त्या जुलै २०२२पासून लागू केल्या. पानांचा माल घेत असाल, विशेषतः यंत्राने कापलेला, तर ही चाचणी यादीत घाला.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात: अखंड, कच्च्या मालासाठी चांगली. अर्कात डीएनए बहुधा उरतच नाही, म्हणून अर्कावर ती करून "वनस्पतीच नाही" असा निष्कर्ष काढू नये. तिथे एचपीटीएलसी किंवा एचपीएलसी या, घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्यांचा आलेख संदर्भ नमुन्याशी ताडून बघतात.

पायरी ६ : हात, नाक, डोळे

इतके कागद झाले तरी माल उघडून बघण्याला पर्याय नाही. गोणीच्या वरच्या थरावर निर्णय देऊ नका. हात खोल घाला, मधला आणि तळाचा मूठभर माल पांढऱ्या कागदावर पसरा.

अश्वगंधेचं मूळ घ्या. चांगलं वाळलेलं असेल तर कट्‌कन मोडतं आणि आत पिठूळ पांढरटपणा दिसतो. वाकतं पण मोडत नाही, म्हणजे ओल आहे, आणि ओल असलेल्या गोणीत बुरशीला फार दिवस लागत नाहीत. मोडलेला तुकडा लगेच नाकाशी धरा. अश्वगंधेला तिचा स्वतःचा उग्र, घोड्यासारखा वास असतो. त्याऐवजी कुबट, मातकट वास आला तर रंग कितीही चांगला असो, परत पाठवा. मुळाच्या वरच्या टोकाला खोडाचे तुकडे किती आहेत ते पाहा. थोडे चालतात, मूठभरात निम्मे असतील तर वजन खोडाचं आणि पैसे मुळाचे. टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं आणि कागदावर पडणारा पिवळसर भुगा म्हणजे आत कीड आहे.

मग चमचाभर माल पेलाभर पाण्यात टाकून ढवळा आणि निवांत राहू द्या. तळाशी वाळूचा थर किती बसतो ते दिसतं. प्रयोगशाळा यालाच आम्लात न विरघळणारी राख म्हणून नीट मोजते, पण ढोबळ अंदाज पेल्यातच येतो. पाण्याला अनपेक्षित भडक रंग सुटला तर वरून रंग चोळलाय का याची शंका घ्या.

पानांच्या बाबतीत हिरवेपणा टिकलेला हवा, पण पोपटी चकाकणारा नको. सावलीत वाळवलेलं पान फिकट हिरवं राहतं, उन्हात वाळवलेलं तपकिरी पडतं आणि वास घालवून बसतं.

पायरी ७ : प्रमाणपत्र नाही, पण माणूस चांगला आहे

असं होतं, आणि बऱ्याचदा होतं. एक-दोन एकरांवर निष्ठेने काम करणाऱ्याकडे त्रयस्थ प्रमाणन नसतं, कारण त्याची फी त्याच्या उलाढालीच्या मानाने मोठी पडते. त्याला "ऑरगॅनिक नाही" म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. मधला मार्ग म्हणजे सहभागी हमी पद्धत, पीजीएस. यात शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात आणि गट मिळून निर्णय देतो. ब्राझीलच्या कायद्यात याला मान्यता आहे. भारतात पीजीएस-इंडिया आहे, त्यात रूपांतरणाधीन मालाला "ग्रीन" आणि पूर्ण झालेल्याला "ऑरगॅनिक" असे दोन वेगळे शिक्के मिळतात. ही पद्धत मुख्यतः देशांतर्गत विक्रीसाठी. निर्यातीला ती सहसा चालत नाही.

पीजीएसही नसेल तर स्वतः जा. काढणीच्या वेळी गेलात तर सगळ्यात जास्त कळतं. बांधापलीकडच्या शेतात काय फवारतात, पाणी कुठून येतं, वाळवण जमिनीवर की ताडपत्रीवर की जाळीच्या मांडवात, साठवणीच्या खोलीत खताच्या नि औषधांच्या रिकाम्या बाटल्या आहेत का. शेतकऱ्याला विचारा, "यंदा कीड आली तेव्हा काय केलं?" ज्याने खरोखर सेंद्रिय केलंय तो यावर अर्धा तास बोलतो: काय फसलं, काय चाललं, किती पीक गेलं. "आमच्याकडे कीड येतच नाही" म्हणणारा एकतर नवखा असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो.

हंगामाचंही भान ठेवा. एकाच प्रदेशातली, एकाच हंगामात येणारी वनस्पती बाराही महिने "ताजी काढणी" म्हणून मिळत असेल तर ते शेत नाही, गोदाम आहे. गोदाम असण्यात गैर नाही. तसं सांगावं आणि काढणीची तारीख द्यावी, एवढंच.

पायरी ८ : पहिली खरेदी आणि पुढचं दप्तर

नव्या पुरवठादाराकडून पहिल्यांदा थोडाच माल घ्या, आणि नमुना म्हणून आलेल्या पुडीशी तो ताडून बघा. नमुना उत्तम आणि गोणी मध्यम हा अनुभव सगळ्यांना कधी ना कधी येतोच. म्हणून नमुन्याची पुडी फेकू नका. तारीख घालून, सील करून ठेवा.

प्रत्येक लॉटमधून शंभर-दोनशे ग्रॅम काढून बंद बाटलीत, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवा, माल संपून निदान वर्ष होईपर्यंत. बाटलीवर लॉट क्रमांक, पुरवठादार, आल्याची तारीख. वहीत किंवा एक्सेलमध्ये त्याच क्रमांकासमोर बिल, प्रमाणपत्राची प्रत, टीसी, सीओए आणि तुम्ही पाहिलेला रंग-वास एका ओळीत. हे कंटाळवाणं आहे, पण उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने तक्रार केली की तिचा लॉट दहा मिनिटांत सापडतो.

आणि घोळ निघालाच तर पुरवठादाराशी वाद घालण्याआधी ठेवलेल्या नमुन्याचे दोन भाग करा. एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, दुसरा सीलबंद राहू द्या, कारण समोरचा फेरतपासणी मागेल आणि तो त्याचा हक्क आहे. अहवाल आला की आधी पुरवठादाराला लेखी कळवा, उत्तरासाठी मुदत द्या, आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर प्रमाणन संस्थेकडे तक्रार करा. तक्रारी घेऊन त्यांची चौकशी करण्याची पद्धत ठेवणं मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेवर बंधनकारक असतं. तक्रारीसोबत लेबलचा स्पष्ट फोटो, लॉट क्रमांक, बिल, टीसी आणि प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. त्या व्यापाऱ्याबद्दलचं तुमचं मत त्यात लिहू नका, नुसती कागदपत्रं आणि तारखा पाठवा. तपासणीस त्यावरूनच हिशोब उघडतो.